डावीकडचा समुद्र

क्लाक्सविकच्या दवाखान्यात, तिसऱ्या मजल्यावर,
हानुस खुर्चीत बसतो आणि मी त्याच्या डोक्यावर
समुद्र चढवते.
मागचा पट्टा जरा सैल ठेवते,
कानामागे जुनी जखम आहे, गळ लागल्याची.

पक्षाघातानंतर त्याची डावी बाजू हरवली
असं कागदावर लिहिलंय.
ताटातला डावीकडचा बटाटा तसाच उरतो,
दाढी अर्धीच होते,
दारातून जाताना डावा खांदा चौकटीला आपटतो.
म्हणून हा खेळ : खोटी होडी, खोटं जाळं,
आणि डावीकडून येणारे मासे.
डावीकडे बघ, हानुस. अजून थोडं. अजून.

होडी तेवढी खोटी.
बंदर खरं आहे, आमचंच,
कोपनहेगनच्या पोरांनी उन्हाळ्यात ड्रोन उडवून उचललेलं :
गोदामाचं पत्र्याचं छप्पर, पाण्यात उतरणारा कडा,
कड्याला चिकटलेल्या मेंढ्यासुद्धा.
कुणाला विचारलं नाही.
समुद्राला काय विचारायचं, असं वाटलं असेल.

सहा आठवड्यांत बटाटे संपायला लागले.
दाढी दोन्ही गालांवर गुळगुळीत.
खेळात मात्र मासे डावीकडून येतच राहिले
आणि तो बघेना.

मनगटावरच्या पट्ट्याने चहाडी केली.
मासे यायच्या आधीच नाडी धावते, तळहात ओला होतो,
बुबुळं डावीकडे जातात, निमिषभर,
आणि चटका बसल्यासारखी परततात.
माझ्या पडद्यावर तेवढी जागा लाल झाली होती,
कड्याखाली, काळ्या खडकापाशी.

म्हणजे त्याला दिसत होतं.

मी विचारलं नव्हतं, त्याने सांगितलं नव्हतं,
तरी मला कळलं होतं,
दुसऱ्याचं पत्र चुकून फोडल्यासारखं.
सहीच्या कागदावर होतं :
उपचारासाठी, व उपचार सुधारण्यासाठी.
त्या ‘व’मधून केवढी जहाजं जातील
याचा मी आजवर विचार केला नव्हता.

कंपनीचं पत्र आलं, फार गोड.
क्रमांक एकतीसची नोंद दुर्मीळ आहे,
न दिसणं आणि न बघणं यांतला फरक
आता यंत्राला शिकवता येईल,
हजारोंचं भलं होईल. नाव अर्थातच काढून टाकू.
भलं होईलही, मी नाही म्हणत नाही.
नाव काढाल.
पण पाच हजारांच्या गावातून
तो खडक कसा काढाल?

शुक्रवारी मी समुद्र चढवला नाही.
पडदा त्याच्याकडे वळवला. म्हटलं, हे तुझं आहे.
मी तुझ्याआधी पाहिलं, ते चुकलं.
तो बराच वेळ
आपल्याच बुबुळांच्या पाऊलखुणा बघत बसला.
मग म्हणाला,
“भरतीला तो खडक दिसत नाही.
पोरांनी ओहोटीच्या वेळी चित्र घेतलंय.”
एवढंच.
माझी आई असती तर तिला माहीत असतं,
कुठलं वर्ष, कुणाची होडी.
मला माहीत नाही, आणि मी विचारलं नाही.

खडक पुसून टाकू का, म्हटलं, एक बटण आहे.
“नको. होडी तिकडे नेऊ नकोस म्हणजे झालं.
बघेन तेव्हा बघेन.”
आणि या नोंदी?
त्याने डावा हात उचलला. थरथरत होता, पण डावाच.
उजव्या मनगटावरचं बक्कल शोधायला त्याला वेळ लागला,
मी मदत केली नाही.
पट्टा माझ्या तळहातावर ठेवला, अजून कोमट.
“धर, मार्जुन.”

संध्याकाळी कंपनीला कळवलं :
क्रमांक एकतीसने संमती मागे घेतली आहे.
‘कारण’ या रकान्यात काही लिहिलं नाही.
रकाना लाल झाला, भरल्याशिवाय पुढे सोडेना.
मी एक टिंब दिलं.

टिंब चाललं.